तुळशीपाशी बाबा

आमच्याकडे मुलीच्या आईने मुलीचं लग्न पाहायचं नसतं. मंगलाष्टका सुरू झाल्या की तिने तुळशीला पाणी घालत उभं राहायचं, म्हणजे मुलीचा संसार सुखाचा होतो. माझ्या लग्नात आई अशीच हॉलच्या मागच्या दाराशी, तुळशीच्या कुंडीपुढे उभी होती. अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, आणि मी मात्र गर्दीत तिलाच शोधत होते. बाबांनी जाऊन तिला एवढंच सांगितलं, "झालं."

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न डोंबिवलीत होतं. आईने समोर उभं राहायचं, असा तिने हट्टच धरला. तिच्या बाजूने मीही तावातावाने भांडले. आई ऐकेना. "उद्या पोरीचं काही कमीजास्त झालं तर? तू येणारेस निस्तरायला?" हे सगळं थोतांड आहे, असं मी म्हणून बसले. मग ती माझ्याशी दोन दिवस बोललीच नाही.

मुहूर्ताला दहा मिनिटं उरली. आई तांब्या घेऊन निघाली, तर बाबा तिच्या वाटेत उभे. आमचे बाबा म्हणजे ठाकुर्लीच्या घरी खिडकीतली तुळस सुकताना बघतील, पण स्वतः उठून पाणी घालणार नाहीत.

"पाणी घातलंच पाहिजे ना? मी घालतो. तू आत जा," असं म्हणून त्यांनी तांब्या तिच्या हातातून काढूनच घेतला.

मी आ वासून बघत राहिले. आम्ही दोघी बहिणी महिनाभर आईशी भांडत होतो, पण हे आम्हाला सुचलं नव्हतं.

हॉलच्या उघड्या दारातून मला तुळशीपाशी उभे बाबा दिसत होते. पहिलं मंगलाष्टक संपायच्या आत त्यांनी अख्खा तांब्या ओतून टाकला. मग पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या एकामागून एक उघडून घालत राहिले. नव्या धोतराचा काठ चिखलाने माखला. आत एवढा गलबला चालला होता, पण त्यांनी एकदाही मान वळवली नाही. हा माणूस मला इतकी वर्षं कळलाच नव्हता, असं वाटलं.

आई माझ्या शेजारी उभी होती, मुठीत अक्षता घट्ट धरून. अंतरपाट खाली आला. बहिणीने आधी आईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आईच्या शेवटच्या अक्षता टाकायच्या राहूनच गेल्या.

"तुझ्या वेळीही असंच होतं का गं?" आईने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा तू नव्हतीस."