चुकीच्या काठावरचा नवरदेव

नात मृण्मयीचं लग्न सटाण्याच्या मुलाशी ठरलं, तारीख निघाली, आणि मग आमच्या चिरंजीवांना, विनयला, कुणीतरी शास्त्र शिकवलं. सिंहस्थात गोदावरी आणि उत्तरेतली गंगा यांच्या मधल्या मुलखात लग्न लावायचं नसतं. गोदावरीच्या दक्षिणेला मात्र चालतं! आम्ही गंगापूर रोडवाले, म्हणजे दक्षिणेचे, पुण्यवान. सटाणा पलीकडे. "त्यांनी इकडे येऊन लग्न लावावं, नाहीतर सिंहस्थ सरेपर्यंत थांबावं," असा हुकूम घेऊन विनय निघाला. मृण्मयीला थांबायचं नव्हतं. म्हणून मीही गाडीत बसलो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, पिंपळगावचा टोल भरला की चांदवडपर्यंत रस्ता गुळगुळीत. पुढे देवळ्याकडे वळलात की कांद्याच्या ट्रॅक्टरमागे संयम शिका. देवळ्यात भजी खा, स्वस्त आणि गरम.

लोहोणेरला गिरणेचा पूल आला. शाळेत आम्ही नद्यांच्या कविता बाकं वाजवत म्हणायचो. त्यांतली प्रत्येक नदी अवखळ, पैंजण घातलेली. सोवळं पाळणारी एकही नव्हती. मी काच खाली करून पाणी बघत राहिलो.

"इथून त्यांची भाषा सुरू होते. मृण्मयीचं कसं व्हायचं?" विनय म्हणाला.

हा इंजिनियर! नोकरी कालवे काढायची. पाणी हवं तिकडे वळवतो, मुलीला मात्र पूल ओलांडू देत नाही.

सटाण्यात विहीणबाईंनी खापरावरचे मांडे वाढले, रुमालासारखे तलम, वर तूप. विनयने घास न घेताच हुकूम वाचला.

व्याही खो-खो हसले. "लगन तुमना काठवर, बरं. मंग पोर नांदाले कोठे येई? आठेच ना? का नांदानं बी बंद शे?"

"शास्त्र आहे हो, अण्णा..."

"आमनी गिरणामाय कोणले आडवत नही, भाऊ," विहीणबाई म्हणाल्या. "ल्या, मांडा ल्या."

हसत होत्या, पण हात ताटावरच थांबला होता. मी म्हणालो, "लग्न इथेच. ठरल्या तारखेला."

परतताना विनय फुरंगटून बसला. "मग कन्यादानाला मी बसणार नाही."

या प्रवासातून काय उरलं? मांड्यांची चव, आणि एवढंच की गिरणेच्या दोन्ही काठांना कांदा सारखाच रडवतो. काठ शोधून भांडणारी माणसं मात्र आमच्याच घरात निघाली.

मृण्मयी दारातच उभी होती. "आजोबा, ठरलं?"

"सटाण्यालाच. कन्यादानाला तुझी आजी नि मी बसू. तुझ्या बाबाला याच काठावर पाणी मोजत बसू दे."

ही आतून म्हणाली, "अहो, तिकडे थंडी फार असते का? शाल काढून ठेवते."