पिंपळगाव राजाची जीप

लष्करानं लिलावात काढलेल्या जीपा आणि ट्रक एके काळी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी हौसेनं घेतले होते. त्यातल्या काही गाड्या अजून गोठ्यामागं ताडपत्रीखाली सापडतात. त्या हुडकायचा मला नाद. सुलतानपूरला माझी शेती. सुगी उरकली की मी मोटरसायकल काढायचो आणि मागं माझा मित्र बसायचा. त्याचं बीबीला बियाण्याचं दुकान. मी गाडीखाली शिरून ती कोणती, कधीची ते ओळखायचो, तो फोटो काढायचा.

पिंपळगाव राजाला एका म्हाताऱ्या काकूंच्या अंगणात अशीच एक जीप निघाली. आत कोंबड्या बसत होत्या. मी समोरच्या जाळीच्या फटी मोजल्या. नऊ. नंतरच्या जीपांना सात असतात. मागं उघडायची फळीही नव्हती. आडवा होऊन बोल्टांवरचा गंज खरवडला, तर डोक्यावर इंग्रजी अक्षर उठवलेलं. दुसऱ्या महायुद्धात या जीपा बांधणारी एक कंपनी बोल्टवरसुद्धा आपलं अक्षर टाकायची. गाडी अस्सल होती. मित्र बाजेवर चहा पीत होता.

काकू विकायला राजी नव्हत्या. मालक त्याच जीपनं खामगावच्या बाजाराला जायचे, म्हणाल्या. मी जात राहिलो. कधी त्यांचा पंप दुरुस्त करून दिला, कधी नुसता बसून त्यांच्या मालकांच्या गोष्टी ऐकल्या. एक दिवस त्याच म्हणाल्या, "दिवाळी झाली का तूच नेजो बापा. दुसऱ्या कोणाले देत नाही मी."

दिवाळी झाली आणि माझी आई घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी अकोल्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होतो. मित्र मोसंबी घेऊन भेटायला आला. जाताना सहज विचारल्यासारखं म्हणाला, "जीपचं काय करतं मंग?"

"आई घरी आली का जातो."

त्याच आठवड्यात तो ट्रक घेऊन पिंपळगावला गेला. "त्यानंच पाठवलं मले," असं त्यानं काकूंना सांगितलं. माझं नाव ऐकून काकूंनी जीप दिली, वर ट्रक निघताना नारळही फोडला. मी गेलो तेव्हा अंगणात तेलाचा डाग तेवढा होता. "तुया मित्र घेऊन गेला ना," काकू म्हणाल्या.

मी त्याच्याशी भांडलो नाही. दुकानात गेलो, गाडी मस्त आहे म्हणालो. तो ओशाळून हसला. त्याच क्षणी मी ठरवलं की याला आता काहीही सांगायचं नाही.

त्यानं जीप खामगावच्या एका बॉडीवाल्याकडे टाकली. त्याला चकाकी हवी होती. गंजलेला पत्रा काढून नवी बॉडी चढवली, मागं उघडणारी फळी लावली, सात फटींची नवी जाळी बसवली. जुनं सगळं भंगारात गेलं. मी बॉडीवाल्याला भंगारवाला विचारला आणि तिथून एकेक वस्तू उचलली. जाळी, बॉनेट, सीटांचे सांगाडे, गोणीभर बोल्ट. रॉकेलनं पुसून सगळं गोठ्याशेजारच्या खोलीत मांडून ठेवलं. मित्र मधूनमधून जीपचे फोटो पाठवायचा. मी लिहायचो, छान.

दोन वर्षांनी पुण्याचा एक संग्राहक ती जीप घ्यायला आला. त्यानं आधी मलाच फोन केला. या भागात अशी गाडी ओळखणारा म्हणून कुणीतरी माझं नाव दिलं होतं. मी धुतलेला सदरा घालून बीबीला गेलो. मित्र मला पाहून खुलला. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूनं आलो.

मी जाळीवर बोट ठेवलं. "नऊ पाहिजेत." मागची फळी उघडून दाखवली. "युद्धातल्या जीपला ही नसते." मग संग्राहकाला बॉडीचे बोल्ट पाहायला लावले. एकाच्याही डोक्यावर अक्षर नव्हतं. "चेसी तेवढी खरी आहे," मी म्हणालो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. इतकं गोड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

संग्राहक चहा न घेता निघून गेला.

"तुले माहीत होतं," मित्र म्हणाला. "मंग सांगतलं काऊन नाही बे?"

"काकूले जे सांगतलं ते तू मले सांगतलं होतं?"

पुढच्या महिन्यात तो शेतावर आला. खोलीचं दार उघडंच होतं. त्यानं जाळी हातात घेतली, फटी मोजल्या आणि परत जागेवर ठेवली. "आपण दोघं मिळून उभी करू," म्हणाला. मी म्हशीला चारा टाकत राहिलो. मग तो गेला.

बायको म्हणते, दोघांकडे अर्धी-अर्धी गाडी सडून राहिली, कोणाचं भलं झालं? तिचं खरं असेल. पण त्याच्या शेडवरून जाताना झाकून ठेवलेली ती जीप दिसली की मला त्या रात्री चांगली झोप लागते.

यंदा त्याच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका आली, म्हणून गेलो. पंगतीत तो स्वतः वाढत होता. माझ्यापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "जाळी तरी दे बे."

"वांग्याची भाजी वाढ," मी म्हणालो.

त्यानं वाढली.