साडेसहा कोटी वर्षांचा स्फटिक

आता तुमच्यापासून काय लपवायचं? परदेशात जाऊन खनिजं शिकून आलो आणि पहिल्याच महिन्यात अमरावतीत तोंड लपवायची वेळ आली!

दुपारी ओसरीत आलो, तर टेबलावर एक काळा दगड. त्यावर काचेसारखे, टोकदार, लखलखीत स्फटिक! मी धावतच जवळ गेलो.

"आई! हा कुठून आला?"

"शेजारच्या शबाना मॅडमचा हाय, ठेवून गेल्या. मोर्शीकडच्या विहिरीतला दगड हाय म्हणे. त्याले हात नको लावू."

विहिरीतला! मग काय, भिंग काढलं. अपोफिलाइट! ज्वालामुखीच्या काळ्या दगडात सापडणारं देखणं खनिज, शंकाच नाही. कठीणपणा तपासायला ओरखडा काढायचा असतो, पण इतक्या देखण्या नमुन्याला ओरखडा? छे! सरळ चिठ्ठी लिहिली: 'अपोफिलाइट. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं.'

"अन् यावर धूळ बसू देता तुम्ही? अशानंच आपलं वैभव मातीमोल होतं, आई!"

"मले कावून बोलून राहिला? मॅडमले सांग ना!"

मी बादलीत कढत पाणी घेतलं, दगड अलगद बुडवला आणि आईला वऱ्हाडच्या ज्वालामुखींवर व्याख्यान दिलं. चांगलं अर्धा तास!

तेवढ्यात शबाना मॅडम आल्या. शाळेत विज्ञान शिकवतात.

"भाऊ, माझा दगड? चार वाजता विज्ञान प्रदर्शन आहे, वर्गातल्या पोरी रिक्षात बसल्या."

"धुऊन ठेवलाय!" मी ऐटीत बादलीत हात घातला.

दगड वर आला. गुळगुळीत. टक्कल पडलेला! मी पुन्हा हात घातला. तळाशी काहीच नाही. साडेसहा कोटी वर्षं गेली कुठं?

"या अल्ला! धुतला? भाऊ, तुरटी होती ना ते! पोरींनी वीस दिवस खडे वाढवले त्या दगडावर!"

तुरटी! दाढी झाल्यावर गालाला लावतात, कढत पाण्यात विरघळून जाते, ती!

मॅडमनी डोळे पुसले, मग माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप बादली उचलली. "चला आता तुमीच. परीक्षकांना मी काय सांगू?"

प्रदर्शनात परीक्षकांनी बोडका दगड फिरवून पाहिला. "याच्यावरचे स्फटिक कुठं आहेत?"

एका पोरीनं बादलीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. "या भाऊंनी धुतले, सर. फॉरेनहून शिकून आले ते."

अख्खा हॉल वळला. परीक्षकांनी चष्मा वर केला. "अरे वा! काय शिकून आले?"

"कॉमर्स," मी म्हणालो.