दुसऱ्याच्या खात्यावरचा हात

बँकेत रोज संध्याकाळी कॅश जुळते आणि तिजोरी बंद होते. किस्से मात्र बंद होत नाहीत, चहागणिक वाढतच जातात. जऊळक्याच्या आमच्या शाखेत गवई मॅडम मॅनेजर म्हणून आल्या, त्या काळातले बरेचसे किस्से दुसऱ्याचं खातं सांभाळणाऱ्यांचे आहेत.

*

शिरपूरकडचे एक काका आपल्या पोरक्या पुतणीच्या खात्याचे पालक. ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून तिचे पैसे काढायला आले. "तिच्याच वावरात चालन नं, मॅडम."

मॅडम हसून म्हणाल्या, "मग तिच्याच नावानं घ्या."

काका पाणी प्यायले आणि निघून गेले. ती पोरगी आता अकोल्यात नर्सिंग शिकते. फी त्याच खात्यातून जाते.

*

एका देवस्थानाचे खजिनदार संस्थेचा चेक स्वतःच्या खात्यात टाकायला आले. म्हणे, "देवाचं अन् माहं काही येगळं हाये काय?"

"मग तुमचे पैसे देवाच्या खात्यात टाकू?" मॅडमनी विचारलं.

चेक परत खिशात गेला.

*

किन्हीराजाच्या वत्सलाकाकूंना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी मुखत्यारपत्र करून खातं पुतण्याच्या हाती दिलं. पुतण्याचं कर्ज आमच्याच शाखेत थकलेलं. त्यानं ते काकूंच्या खात्यातून भरलं आणि वसुली झाली म्हणून शाखा खूश! हे सगळं गवई मॅडम यायच्या आधीचं. पुढे मॅडम आल्यावर काकू डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आल्या, तर खातं रिकामं. काउंटरला धरून उभ्याच राहिल्या.

वरच्या ऑफिसचं म्हणणं, पुतण्याला सहीचा अधिकार होता, बँकेचा संबंध नाही. मॅडमनी कळवलं, की पैसे काकूंचे आणि कर्ज त्याचं, हे आपल्याला समोर दिसत होतं, तरी आपण घेतले. तेव्हा भरपाई आपलीच. त्यांचं प्रमोशन तोंडावर होतं. वरच्या साहेबांनी फोनवर विचारलं, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूनं?

"बँकेच्याच. म्हणून तर परत करा म्हणते."

पैसे परत आले. प्रमोशन त्या वर्षी आलं नाही. पण आज गावोगावचे लोक आमच्याकडे विश्वासानं पैसे ठेवतात, ती त्यांचीच पुण्याई. आमची भाकर त्यावर चालते.

*

ऑपरेशननंतर काकू चष्मा लावून आल्या. आधी मॅडमचा चेहरा नीट न्याहाळला. "आवाजावरून वाटलं होतं, तू म्हातारी असशीन, माय."

मुखत्यारपत्र रद्द केलं, स्वतः सही केली. मग मॅडमनी विचारलं, नॉमिनी कोण लावायचा? काकूंनी पुतण्याचंच नाव सांगितलं.

मॅडमचा पेन थांबला. "काकू, तोच?"

"तोच. पण मी मेल्यावर. जितेपणी नाई."