खिडक्या लावून घेतलेली खोली

वस्तीत तिला कोळसेबाई म्हणत. तोंडावर नाही, तेवढी कोणाची छाती नव्हती. राग तिच्या नाकावरच बसलेला असे. मक्याचे दाणे काढून झाले की उरलेल्या कणसांचे ढीग लोक शेतातच पेटवून द्यायचे. आठ-आठ दिवस धूर, आणि तिच्या लेकीचा खोकला रात्र रात्र थांबायचा नाही. सांगून कोणी ऐकेना, भांडून तर मुळीच ऐकेना, तेव्हा तिने ती कणसंच उचलून आणायला सुरुवात केली.

परसात दोन लोखंडी पिंपं मांडली. कणसं पेटवायची, पांढरा धूर विरळ होऊन निळसर झाला की झाकण घालायचं, कडा ओल्या मातीने लिंपायच्या आणि पिंप गार होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मग कोळसा कुटायचा, पिठाच्या खळीत मळायचा, साच्यातून कांड्या पाडून उन्हात वाळवायच्या. सहा वर्षांत वीस घरं तिच्या कांड्यांवर स्वयंपाक करू लागली. पोतं देताना ती दरडावून सांगे, धूर दिसत नाही म्हणून खिडकी लावायची नाही. या कोळशाची विषारी हवा दिसत नाही आणि तिला वासही नसतो. लोक माना डोलवत.

पुढे गुडघे बोलू लागले तसं पोती पोचवायचं काम धाकट्या दिराकडे गेलं. तो गोडबोल्या. त्याच्यामुळे गिऱ्हाइकं वाढली, हे तीही कबूल करी.

थंडीतल्या एका सकाळी त्याची सायकल पंक्चर झाली म्हणून रिकामी पोती आणायला ती स्वतः पाळणाघरात गेली. अकरा वाजलेले आणि आत चिडीचूप. मुलं सांभाळणारी मावशी व्हरांड्यात कपाळ दाबून बसली होती. आज पोरं कशी शहाण्यासारखी झोपलीत, म्हणाली, आपलंच डोकं तेवढं ठणकतंय. कोळसेबाईने दार ढकललं. खोलीच्या मधोमध शेगडी, खिडक्या बंद, फटींत फडकी कोंबलेली आणि सतरंजीवर नऊ पोरं.

तिने स्टूल उचलून काचेवर घातलं. मग दोन्ही काखांत एकेक पोर मारून अंगणात, पुन्हा आत, पुन्हा अंगणात. गुडघ्यांची आठवणही झाली नाही. पोरं ओकू लागली, रडू लागली. सगळ्यात लहान होती ती मात्र हलेना. गालावर चापट्या मारून मारून त्या पोरीने एकदाचे डोळे उघडले, तोवर कोळसेबाईच्या तोंडून शिव्यांखेरीज शब्द निघाला नव्हता. दवाखान्यात त्या पोरीला आणि मावशीला ठेवून घेतलं. अजून अर्धा तास गेला असता तर, एवढंच म्हणून डॉक्टर थांबले.

कोळसेबाई पाळणाघर चालवणाऱ्या बाईंवर तुटून पडली. बाई म्हणाल्या, "तुमच्याच माणसाने सांगितलं हो. धूर नाही, खुशाल खोलीत ठेवा, खिडक्या लावा म्हणजे ऊब टिकेल."

ती तडक घरी निघाली.

घरी दीर जेवत होता. तिने सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण जीभ चाललीच.

"उठली ना पण सगळी? वहिनी, तुमचं ते विष-बिष ऐकवलं की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं. म्हणून मी गाळतो ते."

"किती घरी गाळलंत?"

"सगळ्याच," तो ताटात बोटं फिरवत म्हणाला.

"हात धुवा, भाऊजी. चपला घाला."

चाळीस दारं. प्रत्येक दारात ती मागे उभी राहिली आणि बोलायला त्याला लावलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं, खिडकी उघडी ठेवा, निजायच्या खोलीत शेगडी नको. तो पुटपुटला की ती म्हणे, ऐकू नाही आलं त्यांना. कोणी हसलं. कोणी दार आपटलं. एका घरी तान्हं बाळ शेगडीशेजारीच निजवलेलं होतं; तिथे तिने शेगडी उचलून स्वतःच बाहेर नेली, हात भाजला तरी.

सतराव्या दारात एका म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मग लाकूडच बरं की, डोळे चोळत का होईना, धूर कळतो तरी. आणि भरलेलं पोतं उंबऱ्याबाहेर सरकवलं.

दिराने आशेने वहिनीकडे पाहिलं. आता ती समजूत काढेल, निदान भांडेल. तिने पोतं उचललं, त्याच्या खांद्यावर ठेवलं आणि अठराव्या दाराची कडी वाजवली.