तिकिटावरची फुली

मावशीचं पत्र आलं. पाकिटावर तारपा फुंकणाऱ्या वारली वादकाचं देखणं तिकीट, आणि त्याच्या तोंडावर बॉलपेनने मारलेली फुली!

पोस्टमनला विचारलं, तर म्हणाला, "शिक्का उमटला नसेल, ताई. तिकीट पुन्हा वापरू नये म्हणून मारतात फुली. पत्र पोचलं ना?"

आमच्या शाळेची सहल कधी निघाली नाही. लेणी, मुखवटे, पैठणीवरचे मोर मला दाखवले ते वाटीभर पाण्यात भिजवून सोडवलेल्या तिकिटांनी. शिक्क्याचा मला राग नाही. त्यावर निदान गावाचं नाव असतं. पण फुली? चुकलेल्या गणितावर मारावी तशी, या माणसावर?

"पत्र पोचलं हो," मी म्हटलं. "हा तारपावाला मात्र तुम्ही वाटेतच खोडलात."