फुलीच्या जागी

"हे लॅमिनेट कुणी केलं?" साहेबाने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत हसायला लागला.

अंबरनाथच्या एमआयडीसीतली औषधांची कंपनी. दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. मी बारावी पास होऊन पॅकिंग खात्यात काम मागायला गेले होते. टेबलावर माझी मार्कशीट, जातीचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि सगळ्यात वर आबांचा कागद. आबा म्हणजे माझे वडील. विठ्ठलवाडीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी सोळा वर्षं काढली. मी तिसरीत असताना ते काम गेलं. जाताना कंपनीने त्यांना हा इंग्रजी कागद दिला. वर छापील नाव, खाली गोल शिक्का, मॅनेजरची सही. कारकुनाने सांगितलं, जपून ठेव, सर्टिफिकेट आहे. आबांनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जाऊन तो लॅमिनेट करून आणला आणि बदलापूर गावातल्या आमच्या घरी बुद्धाच्या फोटोशेजारी खिळ्याला अडकवला. त्या दिवशी सकाळी त्यांनीच तो खाली काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या पिशवीत घातला. म्हणाले, साहेबाला दाखव, आपण कंपनीतली माणसं आहोत हे कळू दे.

साहेबाला कळलं. त्याने शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली. कागद त्यांच्यासमोर धरला.

"अगं, तुझ्या बापाने राजीनामा दिलाय. व्हॉलंटरी. स्वतःच्या मर्जीने. हा तो मंजूर केल्याचा कागद आहे. आणि तुम्ही त्याची पूजा करता? तुम्हा लोकांना इंग्रजी दिसलं की लावलं भिंतीला."

तिघेही हसले. जातीचा दाखला समोरच पडला होता, त्यामुळे 'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला, ते मला विचारावं लागलं नाही. मला राग आधी साहेबाचा आला नाही, स्वतःचा आला. दहा वर्षं तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. मी इंग्रजीत पास झालेली मुलगी. पण भिंतीवर टांगलेलं कोण वाचतं? मी बघत होते, वाचलं नव्हतं. हसून झाल्यावर साहेबाने मला कामाला ठेवलं. सोमवारपासून ये म्हणाला.

संध्याकाळी आबांनी विचारलं, कागद बघून साहेब काय म्हणाला. मी सांगितलं, चांगला आहे म्हणाला. आबा खूश झाले. त्यांनी कागद परत खिळ्याला लावला. त्या रात्री मी जेवले ते भिंतीकडे पाठ करून, आणि पुढचे सात महिने तशीच जेवत राहिले.

सातच महिने. कारण आमच्या खात्यात सात महिने झाले की ब्रेक यायचा. आठवा महिना पुरा झाला की बाईला कायद्याने परमनंट म्हणून काही मागता येतं, म्हणून त्याआधीच काढायचं. मग दीड-दोन महिने घरी बसवायचं आणि नवीन कार्डावर, नवीन नंबरवर पुन्हा घ्यायचं. माझ्या टेबलावरच्या मंदाताई अकरा वर्षं अशा काम करत होत्या. अकरा वर्षं नवीन. माझा ब्रेक आला, असं बायका एकमेकींना सांगायच्या, पाळी आल्यासारखं. ब्रेकच्या दिवशी पेढे न्यायची पद्धत होती. ज्या मुलीला काढणार, तिनेच अर्धा किलो पेढे आणायचे, साहेबाच्या टेबलावर ठेवायचे, म्हणजे परत बोलावताना तो तिला विसरत नाही. मग तो एक छापील कागद पुढे करायचा. इंग्रजीत. सही कुठे करायची तिथे आधीच पेन्सिलने फुली मारलेली असायची. बाईने वर बघायचंच नाही, फुली शोधायची आणि सही करायची. हे कुणी शिकवलं नव्हतं, सगळ्यांना येत होतं.

माझा ब्रेक आला त्या दिवशी मीही पेढे नेले होते. हे लपवत नाही. आम्ही सहा जणी रांगेत होतो. मंदाताईंनी सही केली, पेढा दिला, बाजूला झाल्या. माझ्यापुढे कागद आला. मी फुलीवर पेन ठेवलं आणि सवय नव्हती तरी नजर वर गेली. व्हॉलंटरी. रिलीव्ह्ड, म्हणजे कामातून मोकळं केलं. फुल अँड फायनल, म्हणजे सगळा हिशेब मिटला. एकेक शब्द ओळखीचा. आमच्या घरच्या भिंतीवरचे शब्द, तेच, त्याच क्रमाने. फक्त कंपनी दुसरी आणि नावाच्या रिकाम्या जागी आबांच्याऐवजी मी.

मी पेन उचललं. म्हटलं, साहेब, हा कागद घरी नेऊन वाचते, उद्या आणून देते.

"का? बापासारखा लॅमिनेट करणार?"

मागच्या मुली हसल्या. मंदाताईसुद्धा हसल्या. त्यांचा राग मला आजही येतो, आणि त्या का हसल्या तेही मला कळतं. परत बोलावणं यायला हवं होतं त्यांना. मलाही हवं होतं. आबांचा दमा वाढला होता, घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं. पण आता हसणं माझ्या अंगाला लागत नव्हतं. डोकं एकदम स्वच्छ झालं होतं. यांना माझं काम तर हवंच होतं, वर मला काढायचं पाप पण माझ्याच हाताने माझ्यावर लिहून हवं होतं. तेही माझ्याच पेढ्यांवर.

मी फुली खोडली. तिच्या जागी मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात: मी काम सोडलेले नाही. मला काढले आहे. खाली सही केली, पूर्ण नावाची.

साहेबाने वाचलं. चेहरा लाल झाला. कागदाचे चार तुकडे केले आणि माझ्या पायाशी टाकले. म्हणाला, गेटच्या आत पुन्हा दिसू नकोस. मी खाली वाकले तेव्हा त्याला वाटलं असेल, पाया पडते. मी चारही तुकडे गोळा केले, पेढ्यांचा बॉक्स टेबलावरून उचलला आणि बाहेर आले. पेढे गेटवरच्या वॉचमनला दिले.

घरी आल्यावर भिंतीवरचा कागद काढला. आबांना समोर बसवलं आणि ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. सात महिन्यांपूर्वी खोटं बोलले, तेही सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"सोळा वर्षं मी काम केलं, ते कसं केलं, यात काही लिहिलंय का?"

"नाही, आबा."

"एक ओळ पण नाही?"

"नाही."

आबा रडले. सोळा वर्षांच्या घामावर त्या लोकांनी शिक्का मारून थुंकलं होतं, आणि ती थुंकी आम्ही दहा वर्षं पुसून पुसून चकचकीत ठेवली होती. म्हणाले, जाळून टाक तो कागद. मी जाळला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅम्प तीनमध्ये गेले. चार तुकडे जोडून माझा कागद लॅमिनेट करून आणला आणि आबांच्या कागदाशेजारी दुसरा खिळा ठोकला. त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही. त्यानंतर मी तीन कंपन्यांत काम केलं, त्यातल्या दोन कंपन्यांनी फुलीवर सही करत नाही म्हणूनच काढलं. काढू देत. सुटीच्या दिवशी बायका आमच्या घरी कागद घेऊन येतात. एकदा मंदाताईही आल्या. मी वाचते, मोठ्याने, मराठीत, आणि भिंतीवरच्या त्या दोन कागदांकडे बोट दाखवते.

ज्याला हसायचंय त्याने आमच्या घरी यावं, आधी दोन्ही कागद वाचावेत आणि मग हसून दाखवावं. काढायचं असेल तर काढा. पण काढलं असं तुमच्या हाताने लिहा. माझी सही तुमच्या फुलीवर होणार नाही.